‘थोडं डावीकडे... तुमच्या नाही, माझ्या!’

दसऱ्याचे सोने वाटून झाले, की पुढच्या आठवड्यात घराघरांतल्या बायका भिंतींकडे पाहू लागतात. टीव्हीमागे पडलेला काळा पट्टा, खिडकीखाली ओलीने सुटलेले पोपडे, दाराच्या चौकटीवर नातवाने पेनाने काढलेली आगगाडी. मग रंगारी येऊन अंगठ्याने भिंत खरवडतो, चुकचुकतो आणि एक आकडा सांगतो. आकडा ऐकून नवरा म्हणतो, ‘‘एवढे पैसे? दोन भिंती तर आहेत. रविवारी आपणच करू.’’ सरकारी रुग्णालयांच्या अपघात विभागात दिवाळीच्या आधी येणारी कितीतरी दुखणी या एका वाक्यातून सुरू झालेली असतात.

नमुन्यादाखल एक जोडपे घेऊ. ते कुठल्याही एका घरातले नाही, अनेक घरांतली माणसे मिसळून तयार झालेले आहे. पण वाचणाऱ्यांपैकी पुष्कळांना ओळखीचे वाटेल. नवरा ५९ वर्षांचा, नुकताच निवृत्त झालेला. उजव्या डोळ्याचे मोतीबिंदूचे ऑपरेशन उन्हाळ्यात झालेले, डावा डोळा रांगेत. बायको ५५ वर्षांची, घर आणि बचत गट दोन्ही सांभाळणारी. लग्नाला ३१ वर्षे झालेली. एवढ्या वर्षांत दोघांनी मिळून मुले वाढवली, आजारपणे काढली, कर्ज फेडले. भिंत मात्र कधी रंगवली नव्हती.

पहिली ठिणगी रंगाच्या दुकानातच पडली. तिने शेड कार्डवर बोट ठेवले. ‘‘हा मोतिया घेऊ.’’ तो म्हणाला, ‘‘हा पिवळा आहे.’’ ‘‘पिवळा नाही हो, मोतिया.’’ त्याने सहज डावा डोळा मिटला आणि चमकला. ‘‘अगं, आता पांढरा दिसतोय.’’ दुकानदाराला वाटले गिऱ्हाईक चेष्टा करते आहे. पण त्यात चेष्टा काहीच नव्हती. वयानुसार डोळ्यातले नैसर्गिक भिंग पिवळसर होत जाते आणि निळा प्रकाश अडवू लागते. बदल इतका हळू होतो, की माणसाला पत्ता लागत नाही. एका डोळ्यातले जुने भिंग काढून स्वच्छ कृत्रिम भिंग बसवले, की दोन डोळ्यांतला फरक एकदम कळतो. त्याला एका डोळ्याने एक रंग आणि दुसऱ्याने दुसरा रंग खरोखरच दिसत होता. मोतीबिंदूच्या डोळ्याने मोतिया रंग निवडायला बसलेल्या माणसाशी वाद घालून उपयोग नसतो.

डोळे निरोगी असले तरी शेड कार्ड फसवतेच. टपाल तिकिटाएवढा तुकडा भिंतभर पसरला, की तोच रंग जास्त गडद आणि भडक वाटतो. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली एक दिसतो, घरात सकाळच्या उन्हात दुसरा, संध्याकाळी पिवळ्या दिव्यात तिसरा. शिवाय लाल-हिरव्या रंगांत गल्लत होण्याचा जन्मजात दोष पुरुषांत अधिक आढळतो, कारण त्याची जनुके एक्स गुणसूत्रावर असतात आणि पुरुषाकडे ते गुणसूत्र एकच असते. युरोपीय वंशाच्या पुरुषांत हे प्रमाण सुमारे ८ टक्के आणि स्त्रियांत अर्धा टक्का आहे. भारतीय पुरुषांत ८ टक्क्यांपेक्षा कमी. तेव्हा ‘तुम्हाला रंगातलं काही कळत नाही’ हे वाक्य काही घरांत टोमणा नसून निदान असते. शहाणपणाचा मार्ग म्हणजे छोटा डबा आणून भिंतीवर वर्तमानपत्राएवढा चौकोन रंगवावा आणि दिवसातून तीनदा त्याकडे पाहावे. आपल्या जोडप्याने तसे केले नाही. मोतियाच आला, चार लिटर.

‘रविवारी सकाळी सुरू करू, दुपारी जेवायला मोकळे,’ असा बेत होता. स्वतःच्या कामाला लागणारा वेळ माणूस कमी धरतो, या सवयीला डॅनियल काहनेमन आणि अमोस ट्वर्स्की यांनी १९७९ मध्ये ‘प्लॅनिंग फॅलसी’ असे नाव दिले. पुढे १९९४ मध्ये कॅनडातल्या एका अभ्यासात विद्यार्थ्यांना त्यांचा प्रबंध किती दिवसांत पुरा होईल ते विचारले गेले. त्यांचा अंदाज सरासरी ३४ दिवसांचा होता, प्रत्यक्षात ५५ लागले. यातली गंमत अशी, की इतरांच्या कामाला किती वेळ लागेल हे सांगताना माणूस इतका आशावादी नसतो. म्हणून ‘एका दुपारचं काम आहे’ असे नवरा म्हणतो तेव्हा बायकोच्या मनात आलेला आकडाच बहुधा खरा ठरतो. तिने तो बोलून दाखवला, ‘‘चार दिवस लागतील.’’ तो म्हणाला, ‘‘तुझं नेहमीचं नकारात्मक.’’

सकाळी नऊला लोखंडी कपाट हलवायला घेतले. रिकामे न करता. आतल्या साड्या, कागदपत्रे, स्टीलचे डबे सगळे तसेच. ‘‘थोडं डावीकडे घे.’’ तिने घेतले. ‘‘अगं डावीकडे!’’ ‘‘डावीकडेच घेतलंय.’’ ‘‘माझ्या डावीकडे!’’ ‘‘मग तसं सांगा ना!’’

समोरासमोर उभ्या असलेल्या दोन माणसांची डावी बाजू एक नसते, ही साधी गोष्ट कपाटाचे वजन हातात असताना आठवत नाही. ऑस्ट्रेलियातल्या गुगु यिमिथिर या भाषेत अशा वेळी डावे-उजवे म्हणतच नाहीत; उत्तर, दक्षिण, पूर्व, पश्चिम असेच बोलतात. आपल्याकडेही खेड्यातली जुनी माणसे ‘उगवतीच्या अंगाला सरक’ असे म्हणतात, त्यात गोंधळाला जागा नसते. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी निदान ‘खिडकीकडे’, ‘दाराकडे’ असे म्हणावे. आणि आज्ञा एकानेच द्यावी. दोघांनी एकाच क्षणी उचलले नाही, तर भार एकाच्या कमरेवर येतो, आणि तो येतो तेव्हा कंबर बहुधा वाकलेली आणि पिळलेली असते. मणक्यांमधल्या चकतीला याहून वाईट स्थिती नाही. वस्तू शरीरापासून जितकी लांब, तितका कमरेच्या स्नायूंवर ताण जास्त. म्हणून उचलताना ती छातीशी घ्यावी, गुडघे वाकवावेत आणि वळायचे असेल तर कंबर न पिळता पावले टाकून वळावे. लोखंडी कपाटाबाबत मात्र हा सगळा उपदेश बाजूला ठेवून ते आधी रिकामे करावे.

मग खरवडणे आले. पत्रा आणि पॉलिश पेपर घेऊन दोघे भिंतीला भिडली, तिने नाकातोंडावर ओढणी बांधलेली, त्याने तीही नाही. इथे विनोद थोडा बाजूला ठेवावा लागतो. पुट्टीची आणि जुन्या रंगाची धूळ फार बारीक असते, ओढणी ती अडवत नाही. दम्याच्या माणसाला ती त्याच रात्री बसते. दारे-खिडक्यांना दिलेल्या जुन्या तैलरंगांत शिसे असू शकते. घरगुती रंगांत शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत ९० पेक्षा जास्त नसावे, असा नियम भारतात २०१६ मध्ये झाला आणि नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या थरांचा भरवसा देता येत नाही. शिशाचा परिणाम सर्वांत जास्त लहान मुलांच्या वाढत्या मेंदूवर होतो, आणि रक्तातले त्याचे कुठलेही प्रमाण सुरक्षित मानले जात नाही. म्हणून जुना तैलरंग कोरडा घासू नये, ओला करून घासावा, एन-९५ मास्क लावावा, धूळ झाडूने न उडवता ओल्या फडक्याने टिपावी. आणि चौकटीवर आगगाडी काढणाऱ्या नातवाला व गरोदर सुनेला त्या दिवशी दुसरीकडे पाठवावे.

पहिला हात संपेपर्यंत रविवार संपला. पुढच्या तीन संध्याकाळी दोघांत कामापुरते बोलणे होते. बुधवारी वरची कड राहिली होती. सोसायटीचा घोडा, म्हणजे रंगाऱ्यांची दुहेरी शिडी, तिसऱ्या मजल्यावर गेला होता. तेव्हा स्वयंपाकघरातले लाकडी स्टूल आले. ‘‘तुमचा हात स्थिर नाही, छताला फासाल,’’ म्हणून ती चढली. ‘‘जरा धरा.’’ त्याने एका हाताने स्टूल धरले. दुसऱ्या हातात मोबाइल होता आणि त्यावर कडेला ब्रश कसा मारावा याचा व्हिडिओ चालू होता. तिने मान मागे टाकून वर पाहिले, ब्रश टेकवला, आणि पुढच्या क्षणी ती जमिनीवर होती. भिंतीवर ब्रशचा एक लांब, खाली उतरत गेलेला फराटा उमटला.

पडणारा माणूस हात पुढे करतो. ते विचार करून होत नाही, आपोआप होते. तळहात टेकतो, शरीराचा सगळा भार मनगटावर येतो आणि रेडियस नावाचे हाड मनगटाच्या जरा वर मोडते. डब्लिनचे शल्यचिकित्सक अब्राहम कॉलिस यांनी या मोडण्याचे वर्णन १८१४ मध्ये केले. क्ष-किरणांचा शोध लागायला तेव्हा आणखी ८१ वर्षे होती; त्यांनी ते केवळ पाहून आणि चाचपून ओळखले. हात बाजूने पाहिला तर पालथ्या ठेवलेल्या काट्याच्या चमच्यासारखा दिसतो. जे पायांवर पडतात त्यांचे टाचेचे हाड मोडते, आणि त्यांच्या कमरेचा मणकाही तपासावा लागतो. टाचेच्या या फ्रॅक्चरला इंग्रजीत ‘प्रियकराचे फ्रॅक्चर’ म्हणतात, कारण नवरा घरी आल्यावर सज्जातून उडी मारणाऱ्याला ते होते अशी कल्पना. आपल्याकडे दिवाळीत ते नवऱ्यालाच होते, माळ्यावरून आकाशकंदील काढताना.

अपघात विभागात पोचेपर्यंत मनगट सुजले होते आणि हातात डझनभर हिरव्या बांगड्या, दोन पाटल्या, एक अंगठी होती. सिस्टर म्हणाल्या, ‘‘काकू, बांगड्या वाढवाव्या लागतील.’’ ती म्हणाली, ‘‘दिवाळीच्या तोंडावर? मुळीच नाही.’’ हा प्रसंग तिथे रोज घडतो आणि त्यात गमतीचे काही नसते. सूज वाढत जाते, बांगडी आणि अंगठी वाढत नाही. रक्तपुरवठा अडला तर बोट काळे पडू शकते. मनगटाला मार लागला की घरीच, सूज यायच्या आत, साबणाचे पाणी लावून हातातले सगळे काढून ठेवावे. मग वाढवायची वेळ येत नाही. इथे पाटल्या निघाल्या, सात बांगड्या निघाल्या, बाकीच्या वाढवल्या आणि अंगठी कापावी लागली. ३१ वर्षांत पहिल्यांदा ती अंगठी बोटातून निघाली होती. नवऱ्याने ती रुमालात बांधली आणि बराच वेळ रुमालाकडेच पाहत बसला.

तोवर भांडण मात्र चालू होते. ‘‘तुम्ही स्टूल सोडलंत.’’ ‘‘मी सोडलं नव्हतं, तू झुकलीस.’’ ‘‘सगळी भिंत मीच केली.’’ ‘‘तू? अर्ध्याहून जास्त मी केली!’’ कॅनडात मायकेल रॉस आणि फिओर सिकोली यांनी १९७९ मध्ये ३७ जोडप्यांना घरातल्या वेगवेगळ्या कामांतला आपला वाटा वेगवेगळे बसवून विचारला होता. दोघांच्या उत्तरांची बेरीज बहुतेकदा शंभराच्या वर गेली. यात कुणी खोटे बोलत नसते. स्वतः मारलेला प्रत्येक हात लक्षात राहतो, दुसऱ्याने मारलेला पाहिलेलाच नसतो.

आवाज चढण्यामागेही असेच काहीसे आहे. २००३ मध्ये लंडनच्या संशोधकांनी माणसांच्या जोड्या बसवून एकमेकांच्या बोटावर यंत्राने दाब द्यायला सांगितले. सूचना एकच: समोरच्याने जेवढा दिला तेवढाच परत द्या. दोघेही प्रामाणिकपणे तेवढाच देत होते, तरी दाब झपाट्याने वाढत गेला. स्वतः दिलेला जोर मेंदू आधीच ओळखतो आणि कमी जाणवू देतो. स्वतःला गुदगुल्या होत नाहीत त्याचेही कारण हेच. समोरच्याचा जोर मात्र पुरता लागतो. ‘मी तर साधंच बोललो’ हे दोघांचे म्हणणे म्हणूनच दोघांपुरते खरे असावे. आणि भांडणाचा हिशेब शरीरही ठेवते. अमेरिकेत ओहायोमध्ये जॅनिस किकोल्ट-ग्लेझर यांनी ४२ जोडप्यांच्या हातावर मुद्दाम छोटे फोड करून ते भरताना पाहिले. मतभेदाच्या विषयावर बोलल्यानंतर जखमा हळू भरल्या, आणि एकमेकांशी शत्रुत्वाने बोलणाऱ्या जोडप्यांत तर आणखी हळू. हा अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला.

हाड बसवून, प्लास्टर घालून झाल्यावर निवासी डॉक्टरने एक प्रश्न विचारला. पडलेल्या प्रत्येकाला तो विचारायचा असतो आणि गर्दीत पुष्कळदा राहून जातो. ‘‘काकू, पडायच्या आधी नेमकं काय झालं?’’

तिने नवऱ्याकडे पाहिले. मग हळूच म्हणाली, ‘‘वर पाहिलं आणि खोली फिरली. गेले पंधरा दिवस होतंय. झोपेत कूस बदलली की पलंग गरगरतो. अर्धा मिनिट. मग जातं.’’

‘‘पंधरा दिवस?’’ नवरा म्हणाला. ‘‘आणि बोलली नाहीस?’’

‘‘रंगाचं काम निघालं होतं ना.’’

आतल्या कानात तोल सांभाळणारी रचना असते. तिच्यात कॅल्शियम कार्बोनेटचे अतिसूक्ष्म कण असतात. ते आपल्या जागेवरून सुटून शेजारच्या अर्धवर्तुळाकार नळीत गेले, की डोके ठरावीक दिशेने हलवताच मेंदूला ‘आपण फिरतो आहोत’ असा खोटा निरोप जातो. कूस बदलताना, वाकून उठताना, मान मागे टाकून वर पाहताना भोवळ येते आणि मिनिटाच्या आत थांबते. उंच फळीवरचा डबा काढताना येते म्हणून तिला ‘टॉप शेल्फ व्हर्टायगो’ असेही म्हणतात. पन्नाशीनंतर ती पुष्कळ दिसते आणि जिवाला धोका नसल्याने कुणी मनावर घेत नाही. पलंगावर ती नुसती त्रास देते, स्टुलावर हाड मोडते. उपायाला गोळ्यांची फारशी गरज नसते. डोके ठरावीक क्रमाने फिरवून ते कण पुन्हा जागेवर नेता येतात. जॉन एपली या अमेरिकन डॉक्टरांनी १९९२ मध्ये प्रसिद्ध केलेली ही पद्धत काही मिनिटांची आहे आणि बहुतेकांना एकदोन वेळांत आराम पडतो. मात्र चक्करेबरोबर बोलणे अडखळले, एकाचे दोन दिसू लागले, हातपाय लुळा पडला किंवा चालताच येईना, तर ती ही भोवळ नव्हे; पक्षाघाताची शंका घेऊन तातडीने रुग्णालय गाठावे.

दुसरा प्रश्न हाडांचा. स्टुलाची उंची ती किती, दीड हात. पाळी गेल्यानंतर इस्ट्रोजेन कमी होते आणि हाडे वेगाने विरळ होऊ लागतात. पन्नाशीनंतरच्या बाईचे मनगट एवढ्याशा पडण्याने मोडले, तर ती पुढच्या, खुब्याच्या फ्रॅक्चरची आगाऊ नोटीस असू शकते. प्लास्टर निघाले की प्रकरण मिटले असे समजणाऱ्या घरांत दुसरे फ्रॅक्चर अचानक आल्यासारखे वाटते. हाडांची घनता मोजणारी डेक्सा चाचणी सगळीकडे नसते, पण लिहून दिली तर करून घ्यावी. तिची झाली. हाडे विरळ निघाली, औषध सुरू झाले. भिंत रंगारी रंगवून गेला असता तर हे आणखी काही वर्षे कळले नसते, हे ऐकून नवऱ्याने ‘‘बघ’’ एवढेच म्हटले आणि तिच्याकडे पाहून पुढचे वाक्य गिळले.

प्लास्टर सहा आठवडे होते. बोटे हलती ठेवायची, खांदा दिवसातून चारदा पूर्ण वर न्यायचा, नाहीतर मनगट सुधारते आणि खांदा आखडतो. घरचे सगळे नवऱ्याकडे आले. फरशीवरचे रंगाचे शिंतोडे निघेनात म्हणून त्याने बाथरूममधले ॲसिड आणि ब्लीचचे पाणी एकत्र करायला घेतले, तेव्हा ती पलंगावरून ओरडली आणि त्या दिवशीचा दुसरा अपघात टळला. या दोन्हींच्या मिश्रणातून क्लोरीन वायू निघतो, आणि बंद बाथरूममध्ये तो थेट फुप्फुसांवर जातो. चकल्या विकत आणल्या. शंकरपाळे त्याने केले. ते बऱ्यापैकी झाले, असे तिने शेजारच्या काकूंना सांगितले. त्याला नाही.

फराळाला आलेल्या पाहुण्यांची नजर भिंतीवरच्या त्या तिरक्या, खाली उतरत गेलेल्या फराट्यावर जायची. त्यावर दुसरा हात मारायला एक संध्याकाळ पुरली असती, पण घोडा अजून तिसऱ्या मजल्यावर होता आणि स्टूल तिने माळ्यावर टाकायला लावले होते. ‘‘हे डिझाइन आहे का?’’ कुणीतरी विचारले. ‘‘हो,’’ दोघे एकदम म्हणाले.

त्याच्या डाव्या डोळ्याच्या ऑपरेशनला जानेवारीतली तारीख मिळाली आहे. ते झाल्यावर ही भिंत त्याला पांढरी दिसणार, आणि मग उरलेल्या दोन लिटर मोतियाचे काय करायचे, यावर दोघांत अजून एकमत नाही.